कोकणात राहायला येताय? रत्नागिरी-सिंधुदुर्गचं वर्षभराचं हवामान, पायरीपायरीने

पुण्या-मुंबईहून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात राहायला येणारी माणसं अलीकडे बरीच वाढली आहेत. कुणी निवृत्त होऊन आजोळच्या बंद घराचं कुलूप उघडतं, कुणाची बदली होते, कुणी घरून काम करता येतं म्हणून समुद्राजवळ जागा बघतं. पाऊस किती असतो, हे सगळेच विचारतात. मे महिन्यात विहिरीत किती पाणी असतं आणि जुलैत ते अंगणातून कुठल्या बाजूने वाहतं, हे फार थोडे विचारतात. इथलं निम्मं जगणं या दोन उत्तरांवर उभं आहे, म्हणून हा लेख त्यांच्याभोवतीच लिहिला आहे.

पहिली पायरी: आपली वाडी कुठल्या पट्ट्यात येते ते बघा

समुद्र आणि सह्याद्री यांच्यात इथे सरळ रेषेत साधारण पन्नास-साठ किलोमीटर अंतर आहे. तेवढ्यातच हवामान दोन-तीनदा बदलतं. जुनी माणसं किनाऱ्याकडच्या सखल भागाला खलाटी म्हणतात आणि डोंगराकडच्या भागाला वलाटी. मध्ये जांभ्या दगडाचे उघडे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, पसरलेले आहेत.

गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही खलाटी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहरात सातशे-साडेसातशे पडतो, त्यावरून अंदाज करा. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढताना गार होतात आणि पाणी टाकून देतात. त्यामुळे पूर्वेकडे जाल तसा पाऊस वाढत जातो. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोलीला, सुमारे सातशे मीटर उंचीवर, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या दुपटीहून जास्त.

उष्म्याचं गणित वेगळं. मे महिन्यात मालवणला दुपारी पारा ३३-३४ अंशांवर थांबतो, कारण दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. चिपळूणला तो वारा पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो, आणि तिथे त्याच दिवशी ३८-३९ अंश असू शकतात. उंचावरच्या दापोलीत थंडीतली रात्र १०-१२ अंशांपर्यंत उतरते, तर त्याच रात्री रत्नागिरी बंदरावर साधी चादर पुरते. त्यामुळे ‘कोकणातलं हवामान’ असं मोघम कुणी सांगितलं तर कुठल्या गावातलं, हे आधी विचारा.

दुसरी पायरी: जागा दोनदा बघा, मेमध्ये आणि जुलैमध्ये

घर घेणार किंवा बांधणार असाल तर माझा आग्रह आहे की एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा. डिसेंबरात बघितलेली प्रत्येक जागा सुंदरच दिसते. हिरवळ असते, ओढे अजून वाहत असतात, हवा प्रसन्न असते. तिथेच व्यवहार ठरतात आणि तिथेच चूक होते.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा आणि विहिरीत डोकावा. तळ दिसतो का? शेजारच्या बाईंना विचारा की पंप किती मिनिटं चालतो आणि वाडीत टँकर कधीपासून येतो. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेत कित्येक वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. कारण जांभा दगड सच्छिद्र आहे. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि उतारावरून खाडीकडे निघून जातं, जमिनीत फार काळ टिकत नाही. सड्यावरच्या विहिरी सगळ्यात आधी आटतात, खालच्या बागायतीतल्या शेवटपर्यंत टिकतात.

मग जुलैत, धो धो पाऊस पडत असताना, छत्री घेऊन त्याच जागेवर उभे राहा. मेमध्ये जी कोरडी चर दिसली होती ती आता पऱ्या होऊन वाहत असते. जोतं कुठे घ्यायचं नाही हे तेव्हा डोळ्यांना दिसतं. डोंगराचा उतार जेसीबीने उभा कापून सपाट केलेली जागा असेल तर मागची दरड नीट बघा. मातीला भेगा आहेत का, झाडं वाकली आहेत का, कापलेल्या भागातून गढूळ पाणी येतंय का. जुनी घरं कुठे आहेत याकडेही लक्ष द्या. चार पिढ्यांपूर्वीच्या माणसाने घर सपाटीवर न बांधता किंचित चढावर बांधलं असेल, तर त्याला कारण होतं.

बांधताना दोन गोष्टी सांगतो. उघड्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या घडवलेल्या दगडाची, भिंत नव्या लोकांना फार आवडते. पण पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, आणि त्या बाजूचा उघडा चिरा पाणी पितो. जुलैपर्यंत आतली भिंत ओली होते. त्या बाजूला गिलावा करा किंवा छप्पर पुढे काढून पडवी ठेवा. दुसरं म्हणजे छपराला पन्हळी लावून ते पाणी साठवा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. त्यातला छोटासा भाग टाकीत आणि बाकीचा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात गेला तरी तुमचा मे महिना बदलतो.

तिसरी पायरी: आगोट

पावसाआधीच्या तयारीच्या दिवसांना आमच्याकडे आगोट म्हणतात. अक्षय्य तृतीयेनंतर ती सुरू होते आणि २० मेपर्यंत पुरी व्हायला हवी.

आधी छप्पर. कौलारू घर असेल तर कौलं चाळून घ्यायची, फुटलेली बदलायची. हे काम करणारे कारागीर आता कमी राहिलेत, त्यामुळे एप्रिलमध्येच सांगून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात ते कुणालाच मिळत नाहीत. स्लॅब असेल तर त्यावरचा पालापाचोळा काढा आणि पाणी जायची भोकं मोकळी करा. अंगणातला मांडव उतरवायचा, पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झापांचा किंवा ताडपत्रीचा आडोसा बांधायचा. गटारं, घराभोवतीची चर साफ करायची. घरावर झुकलेल्या फांद्या तोडायच्या, आणि विजेच्या तारांवर आलेल्या असतील तर महावितरणला आधीच कळवायचं.

मग साठवण. लाकूडफाटा कोरड्यात रचायचा. तांदूळ, कुळीथ, कांदे, मसाला, आमसुलं, पापड, आणि खाणाऱ्यांसाठी सुके बोंबील, सोडे, जवळा. आता दुकानं बारा महिने उघडी असतात हे खरं. तरी रस्त्यावर झाड पडून किंवा घाटात दरड येऊन दोन-तीन दिवस गाव तुटलं की आगोटीच्या डब्यांची किंमत कळते. मेणबत्त्या, विजेरी, चार्ज करून ठेवलेली पॉवर बँक आणि नेहमीच्या औषधांचा महिन्याचा साठा हे आजच्या आगोटीत धराच.

कपाटातल्या पुस्तकांना, चामड्याच्या वस्तूंना आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी हमखास धरते. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढा साधा उपाय पुरतो. किनाऱ्यावर राहणार असाल तर साधे लोखंडी बिजागर आणि खिळे वापरू नका. खाऱ्या हवेने ते दोन-तीन वर्षांत गंजून जातात.

चौथी पायरी: पाऊस लागतो तेव्हा

मान्सूनची सरासरी तारीख केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून. आपले दोन जिल्हे त्यांच्यामधल्या दिवसांत येतात. पण ही सरासरी आहे. २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात पोचला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत आला. ज्यांनी आगोट जूनवर ढकलली होती त्यांचं भात, लाकडं, मांडव सगळं भिजलं. म्हणून तयारीची शेवटची तारीख २० मे धरा.

मान्सूनच्या आधी वळवाचे पाऊस येतात, बहुधा संध्याकाळी, ढगांच्या गडगडाटासह. विजांचा धोका याच काळात आणि पुन्हा ऑक्टोबरात सर्वांत जास्त असतो. भर जुलैच्या संततधारेत वीज क्वचितच कडाडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते फोनवर ठेवा. सड्यावर एकट्या झाडाखाली थांबू नका, आणि आंबे काढायला झाडावर चढलेल्या माणसाला पहिल्या गडगडाटालाच खाली बोलवा.

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. नक्षत्रांची नावं शिकून घ्या, कारण गावात पावसाविषयी बोलणं त्यांतच चालतं. मृगानंतर आर्द्रा. मग पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. सप्टेंबरअखेरीचा हस्ताचा पाऊस म्हणजे हत्ती. शेजारी ‘तरण्यात लावणी उरकली’ म्हणाला तर तो जुलैच्या पहिल्या पंधरवड्याबद्दल बोलतोय, हे लगेच कळेल.

पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात. बांधावर टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या उगवतात. बाजारात ताजे समुद्री मासे मात्र कमी होतात, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. मे अखेरीपासून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि इतर जलपर्यटनही थांबतं. पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातही नाही. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि पट्टीचा पोहणाराही सावरत नाही.

पाचवी पायरी: जुलै

या महिन्याला जास्त वेळ द्यायला हवा.

भारतीय हवामान विभाग रोज जिल्हावार इशारा देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर तो त्यांच्या भाषेत जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार आणि २०४.४ च्या पुढे अतिवृष्टीचा सर्वांत वरचा टप्पा. नव्या माणसाने एक समजून घ्यावं: इथे जुलैत शंभर मिलिमीटर पाऊस हा साधा दिवस असतो, शाळा चालू असतात, एसटी धावत असते. दोनशेचा आकडा सलग दोन दिवस आला की चिंता करायची. एका गुंठ्यावर दोनशे मिलिमीटर म्हणजे वीस हजार लिटर पाणी, आणि तुमच्या डोक्यावरच्या डोंगराला शेकडो गुंठे आहेत.

पूर येईल का, हे ठरवायला पावसासोबत भरती बघावी लागते. इथल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. सह्याद्रीवर पडलेलं पाणी काही तासांत खाडीत पोचतं. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर खाडीचं तोंड भरलेलं असतं आणि नदीचं पाणी गावात पसरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत काही ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. जगबुडीकाठचं खेड, अर्जुना-कोदवलीच्या संगमावरचं राजापूर, तेरेखोलकाठचा बांदा, या बाजारपेठांनाही पुराची सवय आहे. तिथे दुकान किंवा घर भाड्याने घेताना २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर कुठे आहे ते दाखवायला सांगा. लोक दाखवतात.

भरतीची वेळ काढायला कोळ्यांची सोपी रीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आधी. ही वेळ अंदाजाची आहे, पण नदीकाठच्या माणसाला रात्री जागं राहायचं की नाही हे ठरवायला पुरते. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. लाल इशारा आणि उधाण एकत्र आले तर गाडी उंचावर लावा, कागदपत्रं वरच्या मजल्यावर न्या, गॅसची टाकी बांधून ठेवा.

प्रवासाचं सांगायचं तर कोकण रेल्वे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रकावर चालते. गाड्या मुद्दाम सावकाश नेतात, वेळा बदलतात. तिकीट काढताना हे बघा. आंबा, कुंभार्ली, फोंडा, करूळ, आंबोली या घाटांतून अतिवृष्टीच्या दिवशी रात्री जाऊ नका. मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणजवळचा परशुराम घाटही दरडींसाठी ओळखला जातो.

तब्येतीचं एक महत्त्वाचं. पायाला जखम असताना चिखलात किंवा शेताच्या साचलेल्या पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस हा ताप उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून येतो आणि भातलावणीच्या दिवसांत या दोन्ही जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आढळतात. ताप आला, अंग आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं आणि चिखलात काम केलं होतं हे डॉक्टरांना सांगायचं. सापही याच दिवसांत कोरड्या जागेच्या शोधात घराकडे येतात. फुरसं लहान असतं, पाचोळ्याच्या रंगाचं, सहज नजरेस पडत नाही. रात्री बाहेर पडताना विजेरी आणि बूट हवेतच.

श्रावण ते हस्त

ऑगस्टच्या मध्यापासून पाऊस सरींवर येतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात आणि होड्या पुन्हा पाण्यात जातात. खरं तर वर्षातल्या सर्वांत गार दुपारी याच, पारा २८-२९ अंशांवर. जानेवारीत दुपार यापेक्षा उबदार असते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. सड्यांवर रानफुलं येतात. गणपतीच्या आठवड्यात रस्ते आणि रेल्वे भरून वाहतात, तेव्हा तुमचं सामान हलवायचं असेल तर तो आठवडा टाळा.

सहावी पायरी: ऑक्टोबर-नोव्हेंबर

मान्सून मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो आणि आपल्याकडून थोडा नंतर. जमीन ओली, आकाश स्वच्छ, वारा पडलेला. अशात ऊन चटका देतं आणि घाम सुकत नाही. संध्याकाळी विजांसह पाऊस येतो, आणि नेमकं तेव्हाच भात कापणीला आलेलं असतं.

चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं. २०१९ च्या दिवाळीत क्यार किनाऱ्याला न लागता समुद्रातूनच गेलं, तरी त्याच्या पावसाने शेतात कापून ठेवलेलं भात कुजलं. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, तौक्ते दोन्ही जिल्ह्यांच्या किनाऱ्याजवळून गेलं. वादळाचा इशारा आला की पत्रे आणि पाण्याच्या टाक्या बांधा, टाक्या भरून ठेवा, नारळाच्या झाडाखालून गाडी काढा. वीज आठवडाभर येणार नाही असं धरून चाला.

पावसाने पाठ फिरवली की लगेच पाणी अडवायचं. ओढ्यावर रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू-माती भरून गाव मिळून बंधारा घालतो. त्या दिवशी तुम्ही फावडं घेऊन गेलात तर गावात ओळख होते, आणि तुमच्या विहिरीला आणखी काही आठवडे पाणी राहतं. हे जितकं लवकर होईल तितकं बरं. उशीर झाला तर अडवायला पाणी कमी उरतं.

सातवी पायरी: थंडी, आणि आंब्याची काळजी

डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा उलट येतो. किनाऱ्यावर रात्री १८-२० अंश, दुपारी ३०-३१. घराचं रंगकाम, दुरुस्ती, प्रवास, पाहुणे, सगळं याच दिवसांत करा.

हापूसच्या कलमांना मोहर येण्यासाठी ही थंडी लागते. पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला तर झाड मोहराऐवजी पालवी टाकतं. थंडी जास्त लांबली तर फळ धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहर येतो आणि पहिली फळं गळतात. आभाळ चार दिवस भरून राहिलं तर तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग वाढतो. शेजारी बागायतदार असेल तर जानेवारीत ‘वा, काय छान ढगाळ हवा आहे’ असं त्याच्यासमोर म्हणू नका. त्याचं वर्षाचं उत्पन्न त्या ढगांखाली असतं. कुठल्या हवेत कुठली फवारणी करायची याचा सल्ला दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडून मिळतो. परसात चार कलमं असली तरी तो घ्या.

दोडामार्ग तालुक्यात राहणार असाल तर जानेवारी ते मे हा माकडतापाचा हंगाम लक्षात ठेवा. तो जंगलातल्या गोचिडांमुळे होतो. काजूच्या बागेत जाताना पूर्ण अंग झाकणारे कपडे घाला आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

आठवी पायरी: फाल्गुन ते वैशाख

किनाऱ्यावरचे सर्वांत तापलेले दिवस मेमध्ये नसतात, ते फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये येतात. पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरतो, खारा वारा उशिरा सुटतो आणि रत्नागिरीचा पारा एखाद्या दिवशी ३८-३९ वर जातो. अशा दिवशी अकरा ते चार बाहेरची कामं ठेवू नका. याच दिवसांत वणवे लागतात. घराभोवती आणि बागेभोवती आठ-दहा फूट रुंद पट्टा गवत काढून मोकळा ठेवा. भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजण्यासाठी, शेजारी राब (पालापाचोळा) पेटवणार असेल तर त्या दिवशी घरी थांबा, पाण्याचा पाइप जोडून ठेवा.

एप्रिलपासून विहिरीची पातळी दर आठवड्याला दोरीने मोजा. पंप एकदम तासभर चालवण्यापेक्षा पहाटे थोडा आणि संध्याकाळी थोडा चालवा, मधल्या वेळात झऱ्यांना भरायला सवड मिळते. भांडी धुतलेलं पाणी केळीला जाऊ द्या. मेमध्ये घामाने जीव नकोसा होतो, कारण हवेत दमटपणा फार. सुती कपडे, कोकम सरबत आणि दुपारची झोप यांनी तो महिना निभतो.

नववी पायरी: वही

सरळ बाजूंचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा एक डबा उघड्या अंगणात ठेवा. रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी धरून पाणी मिलिमीटरमध्ये मोजा आणि डबा रिकामा करा. हवामान विभागाचाही पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच असतो, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतो. सोबत तीन रकाने ठेवा: विहिरीची पातळी, वारा कुठून, आणि वाडीत काय घडलं. रस्ता बंद, मोहर दिसला, झरा सुटला, असं काहीही. सुरुवात जूनची वाट न बघता आजच्या तारखेपासून करा. फळपीक विम्याचे निकष महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतात, आणि ते केंद्र तुमच्या वाडीपासून डोंगरापलीकडे असू शकतं. आपल्या अंगणात नेमकं काय पडलं, हे तुमच्या वहीशिवाय दुसरीकडे कुठेच नोंदलेलं नसेल.